होडीवरचा फोन आणि गप्प पडणारं ॲप : बॅकग्राउंड सर्व्हिसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून सुटणाऱ्या काही मच्छीमार होड्यांसाठी मी फेरीची नोंद ठेवणारं अँड्रॉइड ॲप लिहितो. काम एवढंच : होडी सुटली की दर मिनिटाला ठिकाण टिपायचं, रेंज मिळेल तेव्हा ते किनाऱ्यावर पाठवायचं आणि होडी परत लागेपर्यंत थांबायचं नाही. फोन केबिनच्या फळीवर पडलेला असतो, स्क्रीन बंद असते, तांडेल (होडीचा प्रमुख) आणि खलाशी जाळ्याच्या कामात असतात. हे काम ॲपचा स्क्रीनमागे चालणारा भाग, म्हणजे बॅकग्राउंड सर्व्हिस, करतो, आणि नेमक्या अशाच वेळी अँड्रॉइडचा सगळा कल ॲपला झोपवण्याकडे असतो. कॉलेजमधली मुलं, आंब्याच्या बागेत तापमान मोजणारे, गाड्यांचा माग ठेवणारे असे बरेच जण मला पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

सर्व्हिस कायमची चालू ठेवता येते का?

नाही. मेमरी कमी पडली की सिस्टीम ॲप बंद करते. बॅटरी वाचवायला फोनच ते बंद करतो. गाणी लावताना कुणाचा तरी अंगठा लागून ॲप सरकवलं जातं. खाऱ्या पाण्याने चार्जिंगची जागा गंजते आणि फोनच बंद पडतो. यातलं काहीही कोड लिहून पूर्ण अडवता येत नाही.

म्हणून मी तीन गोष्टी मागतो. सर्व्हिस मेली तरी तोवरची नोंद जाऊ नये. ती उठली की जिथे सोडलं तिथून पुढे धरावं. आणि किनाऱ्यावर वाट बघणाऱ्या माणसाला ॲप गप्प का आहे ते कळावं.

तिसरी गोष्ट मी उशिरा शिकलो. माझ्या पहिल्या आवृत्तीत एका होडीची नोंद दुपारी चारला थांबली. नकाशावर ठिपका होता तिथेच. घरची माणसं रात्रीपर्यंत जेट्टीवर उभी होती, मला फोनवर फोन करत होती, आणि माझ्याकडे एकच उत्तर होतं, माहीत नाही. होडी सुखरूप लागली. समुद्रात काहीच झालं नव्हतं, सर्व्हिस मेली होती. रेंज गेलेली होडी आणि मेलेलं ॲप या दोन्ही गोष्टी मी एकाच ठिपक्याने दाखवत होतो. चूक माझी होती. या पानावरचं बरंचसं त्या रात्रीनंतर शिकलेलं आहे.

जुन्या फोनवर चालायचं, नव्यावर का चालत नाही?

कारण जवळजवळ दर वर्षी नियम कडक होत गेले. २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये डोझ आला : फोन चार्जिंगला नाही, हलत नाही, स्क्रीन बंद आहे असं काही वेळ राहिलं की नेटवर्क बंद, वेक लॉक (फोनला झोपू नको अशी ॲपची विनंती) दुर्लक्षित, अलार्म आणि जॉब (मागे उरकायची कामं) पुढे ढकललेले. मधूनमधून थोडा वेळ दार उघडतं, त्यात काय ते उरकायचं. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून हलका डोझ आला. तो फोन हलत असतानाही लागतो. होडीवर हा फरक महत्त्वाचा आहे, कारण लाटांवर डुलणारा फोन 'स्थिर' ठरणं कठीण, म्हणजे खोल डोझ सहसा लागत नाही, पण हलका डोझ नेटवर्क आणि जॉब अडवतोच.

खरा घाव २०१७ च्या अँड्रॉइड ८ ने घातला. ॲप डोळ्यांसमोरून गेल्यावर काही मिनिटांत साधी बॅकग्राउंड सर्व्हिस थांबवली जाऊ लागली, आणि बॅकग्राउंडमधल्या ॲपला ठिकाण तासाला मोजक्याच वेळा मिळू लागलं. २०१८ च्या अँड्रॉइड ९ ने वापरानुसार ॲपना बकेटमध्ये, म्हणजे गटांत, टाकलं; वापर जितका कमी, तितके निर्बंध जास्त. २०२१ च्या अँड्रॉइड १२ मध्ये बॅकग्राउंडमधून फोरग्राउंड सर्व्हिस (नोटिफिकेशन दाखवत चालणारी सर्व्हिस) सुरू करायलाच बहुतेक वेळा मनाई झाली. २०२३ च्या अँड्रॉइड १४ ने सर्व्हिसचा प्रकार सांगणं सक्तीचं केलं.

इंटरनेटवरचा २०१६ चा नमुना कोड उचलून आणला की तो सुरू होतो आणि अर्ध्या वाटेत मरतो, त्याचं कारण हे.

फोरग्राउंड सर्व्हिस, वर्कमॅनेजर आणि अलार्म, यातलं काय वापरू?

सतत चालणारं आणि वापरणाऱ्याला माहीत असलेलं काम असेल तर फोरग्राउंड सर्व्हिस. कधीतरी नक्की व्हायला हवं, पण याच क्षणी नाही, असं काम असेल तर वर्कमॅनेजर, म्हणजे कामं रांगेत लावून सवडीने करणारी सोय. ठरलेल्या मिनिटाला माणसाला उठवायचं असेल तरच अलार्म. आमच्याकडे ठिकाण टिपणं पहिल्यात आणि नोंदी वर चढवणं दुसऱ्यात आहे. भरतीची वेळ बघून होडी काढणाऱ्यांसाठी गजर तिसऱ्यात आहे.

वर्कमॅनेजरकडून दर मिनिटाला काम करून घेण्याचा प्रयत्न करू नका. पुनरावृत्तीच्या कामाला तो किमान १५ मिनिटांचं अंतर ठेवतो, आणि तेही 'साधारण'. आठ नॉटने (ताशी आठ सागरी मैल) जाणारी होडी मिनिटाला सुमारे २४७ मीटर जाते. १५ मिनिटांत ती पावणेचार किलोमीटर पुढे गेलेली असेल. अलार्मचंही तसंच. डोझमध्येही वाजणारा अचूक अलार्म एका ॲपला साधारण नऊ मिनिटांतून एकदाच मिळतो.

फोरग्राउंड सर्व्हिस सुरू केली की पाच सेकंदांच्या आत नोटिफिकेशन दाखवून 'मी समोर आहे' असं सिस्टीमला सांगावं लागतं. आधी डेटाबेस उघडू, मग सर्व्हरला विचारू, मग नोटिफिकेशन दाखवू, असा क्रम ठेवला की कमी मेमरीच्या फोनवर पाच सेकंद उलटतात आणि ॲप कोसळतं. नोटिफिकेशन पहिल्या ओळीत, बाकी सगळं नंतर.

प्रकार निवडताना 'लोकेशन' निवडा. 'डेटा सिंक' सोपा वाटतो म्हणून बरेच जण तो निवडतात, पण २०२४ च्या अँड्रॉइड १५ पासून, ॲप त्या आवृत्तीसाठी बांधलेलं असेल तर, डेटा सिंकला २४ तासांत एकूण सहाच तास मिळतात. मुदत संपल्याची सूचना आल्यावर लगेच थांबलं नाही तर सिस्टीम ॲप पाडते. मासेमारीची फेरी सहा तासांत आटोपत नाही.

ते सारखं दिसणारं नोटिफिकेशन काढून टाकता येईल का?

काढू नका, ते उपयोगाचं करा. 'ॲप चालू आहे' या वाक्यातून तांडेलाला काहीच कळत नाही. आमच्या नोटिफिकेशनवर शेवटची नोंद किती वाजता झाली, आज किती नोंदी झाल्या आणि त्यातल्या किती अजून वर चढायच्या आहेत, एवढं असतं. हे दिसायला लागल्यावर तांडेल स्वतःच म्हणू लागले, "सव्वापाचपासून आकडा हलत नाय." ही तक्रार मला कुठल्याही क्रॅश रिपोर्टपेक्षा मोलाची वाटते.

अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशन दाखवायला वेगळी परवानगी लागते आणि फोरग्राउंड सर्व्हिसचं नोटिफिकेशन सरकवून घालवता येतं. ते सरकवलं म्हणून सर्व्हिस मरत नाही. मात्र त्याच आवृत्तीपासून वरून पडदा ओढल्यावर चालू ॲपची यादी येते आणि तिथलं 'थांबवा' बटण दाबलं की अख्खं ॲप जातं. होडीवरच्या सगळ्यांना हा फरक एकदा फोन हातात धरून दाखवा.

कुठल्या परवानग्या मागायच्या?

आमच्या ॲपमध्ये दोन मोठी बटणं आहेत : 'होडी सुटली' आणि 'होडी लागली'. पहिलं बटण दाबतात तेव्हा ॲप डोळ्यांसमोर उघडं असतं, त्यामुळे सर्व्हिस सुरू व्हायला अडथळा नसतो आणि 'ॲप वापरताना ठिकाण' एवढ्या परवानगीवर ती स्क्रीन बंद झाल्यावरही ठिकाण घेत राहते. 'नेहमी' ही परवानगी लागते ती मेलेली सर्व्हिस बॅकग्राउंडमधून पुन्हा उठवताना. अँड्रॉइड ११ पासून ती साध्या खिडकीत मागता येत नाही, माणसाला सेटिंग्जमध्ये जाऊन निवडावी लागते, आणि प्ले स्टोअरवर ती का हवी याचं वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागतं.

आम्ही ती मागतो, पण पहिल्या दिवशी नाही. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर, नोंद मध्येच तुटल्याचं दाखवून मग मागतो. तोवर माणसाला कारण पटलेलं असतं. ॲप टाकल्या टाकल्या पाच खिडक्या अंगावर आल्या की समोरचा प्रत्येक ठिकाणी 'नको' दाबतो, आणि ते बरोबरच आहे.

अँड्रॉइड १२ पासून 'अंदाजे ठिकाण' हाही पर्याय असतो. तो निवडला गेला तर नकाशावर होडी डोंगरात दिसेल. त्यामुळे सुरू होताना अचूक ठिकाणाची परवानगी आहे ना, हे तपासाच.

सगळं बरोबर लिहूनही काही फोनवर सर्व्हिस मरते. का?

फोन बनवणाऱ्या कंपन्या अँड्रॉइडच्या वर आपापली बॅटरी वाचवणारी यंत्रणा बसवतात. तिची नावं वेगवेगळी. सॅमसंगवर बॅटरीच्या पानावर 'स्लीपिंग ॲप्स' आणि 'डीप स्लीपिंग ॲप्स' अशा याद्या असतात; आपलं ॲप तिथून काढून कधीही न झोपवायच्या यादीत टाकायचं. शाओमीवर 'ऑटोस्टार्ट' चालू करायचं आणि ॲपच्या बॅटरी सेव्हरमध्ये 'नो रिस्ट्रिक्शन्स' निवडायचं. इतर बऱ्याच फोनवर 'ऑटो लाँच' किंवा 'बॅकग्राउंड ॲक्टिव्हिटी' अशा नावाचं काहीतरी सापडेल. आवृत्तीगणिक जागा बदलतात, म्हणून ॲपच्या मदत पानावर फोटो टाकण्याआधी तो फोन हातात घेऊन बघा.

याशिवाय अँड्रॉइडचं स्वतःचं बॅटरी ऑप्टिमायझेशन असतं. त्यातून सूट मागायची थेट खिडकी दाखवता येते, पण प्ले स्टोअर ती मोजक्याच कारणांसाठी चालू देतं. सेटिंग्जमधली यादी उघडून देणं हा सुरक्षित रस्ता.

माझा अनुभव असा की ही सेटिंग्ज कोडने सुटत नाहीत, माणसाने सुटतात. हंगामाच्या सुरुवातीला मी बंदरावर बसतो आणि एकेकाचा फोन घेऊन ही सेटिंग्ज लावतो. एका फोनला दहा मिनिटं जातात आणि पुढचे महिने वाचतात.

समुद्रात रेंज नसताना जीपीएस चालतं का?

चालतं. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, आकाश लागतं. पण दोन गोष्टी किनाऱ्यावर कधी जाणवत नाहीत आणि समुद्रात फसवतात.

पहिली : ठिकाण मागताना 'बॅलन्स्ड' ही बॅटरी वाचवणारी पातळी निवडली असेल तर फोन मुख्यतः वायफाय आणि मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतो. समुद्रात दोन्ही नाहीत. गावात व्यवस्थित चाललेलं ॲप भाट्याच्या खाडीच्या मुखातून बाहेर पडून तासभर गेलं की रिकामं परत येतं. उच्च अचूकतेची पातळीच हवी.

दुसरी : फोनला उपग्रहांची माहिती एरवी इंटरनेटवरून क्षणात मिळते. इंटरनेट नसेल तर ती उपग्रहाकडूनच ऐकावी लागते, सेकंदाला ५० बिट या वेगाने. एका उपग्रहाची कक्षेची माहिती ३० सेकंदांनी पुन्हा येते आणि सगळ्या उपग्रहांचं पूर्ण पंचांग यायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून 'होडी सुटली' दाबल्यावर पहिलं ठिकाण बंदरातच, रेंज असताना मिळालं पाहिजे. ते मिळेपर्यंत आम्ही बटण पिवळं ठेवतो. आणि बॅटरी वाचवण्यासाठी जीपीएस अर्धा-अर्धा तास बंद ठेवायची युक्ती खोल समुद्रात उलटते, कारण दर वेळी पुन्हा शोधाशोध करण्यातच बॅटरी जाते.

बॅटरी किती जाईल? वेक लॉक धरून ठेवू का?

फेरीभर वेक लॉक धरू नका. ठिकाण आलं की ते लिहा आणि सोडा. लिहायला लागणाऱ्या वेळेपुरता लॉक घ्यायचा, आणि त्यालाही मुदत द्यायची, म्हणजे कोडमध्ये चूक झाली तरी तो अडकून राहणार नाही.

समुद्रात बॅटरी खाणारी मोठी गोष्ट वेगळीच असते. किनारा मागे पडला की फोन टॉवर शोधत राहतो, जोर लावून शोधतो आणि गरम होतो. रेंजच्या पलीकडे दिवसभर राहणार असाल तर विमान मोड लावा. आजच्या फोनमध्ये विमान मोडने जीपीएस बंद होत नाही, नोंद चालू राहते. परत किनारा दिसू लागला की मोड काढायचा. आम्ही हे ॲपमधूनच सुचवतो.

बॅटरी सेव्हरपासून मात्र सावध राहा. अँड्रॉइड ९ पासून बॅटरी सेव्हर चालू असताना स्क्रीन बंद झाली की ठिकाणाची सेवा बंद होऊ शकते. सर्व्हिस जिवंत, नोटिफिकेशन दिसतंय, नोंद मात्र शून्य. बॅटरी सेव्हर ठिकाणाचं काय करतो हे सिस्टीमला विचारता येतं. विचारा, आणि तसं असेल तर नोटिफिकेशनवर स्पष्ट लिहा.

सर्व्हिस मेली तर नोंदी जातात का?

मेमरीत साठवल्या असतील तर जातात. प्रत्येक नोंद येताक्षणी डेटाबेसमध्ये लिहा. शंभर जमल्या की एकदम लिहू, असं करू नका. आकार बघा : एका नोंदीला १०० बाइट धरले तर मिनिटाला एक या हिशेबाने १२ तासांच्या ७२० नोंदी, म्हणजे ७२ किलोबाइट. सात दिवसांची फेरी असली तरी एक मेगाबाइटच्या आसपास. यात काटकसर करण्यासारखं काही नाही.

प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक द्या. सर्व्हरने फोनची ओळख आणि हा क्रमांक मिळून नोंद ओळखायची, म्हणजे तीच नोंद दोनदा पोचली तरी एकदाच धरली जाते. अर्ध्या रेंजवर पाठवलेलं पोचतं पण पोचपावती परत येत नाही, हे रोजचं आहे. क्रमांकामुळे दुसरा फायदा असा की मध्ये खंड पडला तर तो दिसतो.

वेळ जीपीएसची घ्या. फोनचं घड्याळ कुणीतरी हाताने बदललेलं असतं. दोन नोंदींमधला वेळ मोजायला फोन सुरू झाल्यापासूनचा काळ वापरा, कारण तो मागे जात नाही.

होडी बंदरात लागली, रेंज पूर्ण आहे, तरी नोंदी वर चढत नाहीत. असं का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा आला आणि उत्तर सापडायला सर्वांत जास्त वेळ लागला.

वर्कमॅनेजरला 'नेटवर्क असेल तेव्हाच' अशी अट घातली की नेटवर्क नसताना तो शांतपणे थांबतो. तिथवर ठीक. पण किनाऱ्याजवळच्या पट्ट्यात फोनला रेंज आहे असं वाटतं, आणि सर्व्हरपर्यंत काही पोचत नाही. काम सुरू होतं, फसतं, 'पुन्हा प्रयत्न' असं सांगून संपतं. ठरलेल्या पद्धतीत पहिला प्रयत्न ३० सेकंदांनी, मग एक मिनिट, दोन, चार, आठ असं दुप्पट होत जातं आणि पाच तासांच्या पुढे वाढत नाही. नवव्या-दहाव्या अपयशापर्यंत थांबा दोन ते चार तासांचा झालेला असतो. होडी त्या अर्धवट रेंजच्या पट्ट्यातून सावकाश येते, अपयश मोजत मोजत. बंदरात लागते तेव्हा रेंज भरपूर असते, पण वर्कमॅनेजर आपले उरलेले तास मोजत बसलेला असतो.

उपाय साधा आहे. 'होडी लागली' दाबलं की त्याच नावाचं काम 'रिप्लेस' धोरणाने पुन्हा रांगेत घाला. जुनं काम रद्द होतं आणि अपयशाची मोजणी शून्यावर येते. शिवाय वाढ दुप्पट न ठेवता सरळ रेषेत ठेवा. एका वेळी सगळ्या नोंदी न पाठवता दोनशे-दोनशेच्या गठ्ठ्याने पाठवा, म्हणजे टेकडीआडून दोन मिनिटं रेंज मिळाली तरी एखादा गठ्ठा पोचतो.

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, त्यानंतर रायगडच्या दक्षिण भागात आणि दापोली-मंडणगडकडे कितीतरी दिवस वीज आणि मोबाइल नव्हते. किनाऱ्यासाठी ॲप लिहिणाऱ्याने नेटवर्क आठवडाभर येणार नाही हे गृहीत धरूनच पाठवायच्या नोंदींची रांग बांधायला हवी. जुन्या नोंदी पुसायच्या असतील तर वय बघून पुसू नका. सर्व्हरची पोचपावती आलेल्याच पुसा.

मासेमारी बंदीनंतर पहिल्या फेरीला ॲप नीट चालत नाही. काय होतं?

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै बंदी असते. बऱ्याच होड्या मेच्या शेवटालाच वर ओढलेल्या असतात आणि काही जण नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय समुद्रात जात नाहीत. एवढा काळ ॲप कुणी उघडत नाही. अँड्रॉइड १३ मध्ये आठ दिवस ॲपला हात लावला नाही की ते सर्वांत कडक बकेटमध्ये जाऊ शकतं, अँड्रॉइड १२ मध्ये ही मुदत ४५ दिवसांची होती. त्या बकेटमध्ये जॉब दिवसातून एकदाच, थोडा वेळ चालतात. अँड्रॉइड ११ पासून काही महिने न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या काढून घेतल्या जातात.

ॲप उघडल्यावर बकेट सुधारते, परवानगी मात्र आपोआप परत येत नाही. म्हणून 'होडी सुटली' दाबल्यावर दर वेळी सगळ्या परवानग्या, बॅटरीची सूट आणि ठिकाणाचं बटण तपासा. गेल्या वेळी होत्या म्हणून आजही असतील असं धरून चालू नका. न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या काढण्याचं सेटिंग वापरणाऱ्याला बंद करता येतं. आम्ही ते मेमध्येच करून घेतो.

फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला तर?

'फेरी चालू आहे' ही खूण डेटाबेसमध्ये ठेवा आणि फोन सुरू झाल्याचा संदेश आला की ती बघा. हा संदेश पहिल्यांदा लॉक उघडल्यानंतरच येतो. ओल्या हाताने पासवर्ड टाकायला कुणी येईपर्यंत फोन तसाच पडून राहू शकतो. ठिकाणाची सर्व्हिस इथून सुरू करायची तर 'नेहमी' परवानगी हवीच. ती नसेल तर मोठ्या आवाजाचं नोटिफिकेशन द्या : 'फेरीची नोंद थांबली आहे, इथे दाबा.'

अलीकडच्या ॲपच्या यादीतून सरकवलं तर? फोर्स स्टॉप केलं तर?

सरकवल्यावर मूळ अँड्रॉइडमध्ये फोरग्राउंड सर्व्हिस चालू राहते, काही फोनवर मात्र मरते. फोर्स स्टॉप वेगळं आहे. त्यानंतर माणसाने स्वतः ॲप उघडेपर्यंत अलार्म, जॉब, संदेश काहीही पोचत नाही. त्यावर उपाय शोधू नका, तो वापरणाऱ्याचा हक्क आहे.

सर्व्हिसला 'स्टार्ट स्टिकी' ठेवलं तर सिस्टीमने मारल्यानंतर ती पुन्हा उभी राहते, पण तेव्हा मिळणारा इंटेंट (सुरू होताना सर्व्हिसला मिळणारा निरोप) रिकामा असतो. फेरीचा क्रमांक इंटेंटमधून वाचत असाल तर इथे ॲप कोसळेल, पुन्हा उठेल, पुन्हा कोसळेल. क्रमांक डेटाबेसमधून वाचा.

ॲप मरू नये म्हणून काही जण दोन सर्व्हिस एकमेकींना उठवायला लावतात, आवाज नसलेलं गाणं वाजवत ठेवतात, एका पिक्सेलची स्क्रीन उघडतात. हे करू का?

करू नका. या युक्त्या पुढच्या आवृत्तीत बंद पडतात, बॅटरी खातात आणि प्ले स्टोअरच्या नियमात बसत नाहीत. त्याहून मोठं कारण हे की फोन त्या माणसाचा आहे. त्याला ॲप बंद करायचं असेल तर ते बंद झालं पाहिजे.

फ्लटरमध्ये लिहिलं तर हे सगळं टळतं का?

टळत नाही. फ्लटर म्हणजे एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी ॲप बनवायचं साधन. त्याचा डार्ट भाषेतला कोड स्क्रीनबरोबर जातो, बॅकग्राउंडसाठी वेगळा आयसोलेट (स्वतंत्र चालणारा भाग) आणि त्याखाली अँड्रॉइडची खरी फोरग्राउंड सर्व्हिस लागतेच. तयार प्लगइन घ्या, पण ते सर्व्हिसचा कुठला प्रकार लावतं ते मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती सिस्टीमला सांगणाऱ्या फाइलमध्ये) स्वतः वाचा. मी ठिकाण टिपून डेटाबेसमध्ये लिहिण्याचा भाग अँड्रॉइडच्या कॉटलिन भाषेत ठेवला आणि स्क्रीन फ्लटरमध्ये.

आयफोनवर?

बॅकग्राउंड लोकेशनची सोय चालू करून फेरी ॲप समोर असताना सुरू केली तर नोंद चालू राहते. ठिकाण आपोआप थांबवण्याचा पर्याय मुळात चालू असतो, तो बंद करा, नाहीतर नांगर टाकून थांबलेल्या होडीची नोंद थांबते आणि मग सुरू होत नाही. 'मोठा बदल झाला तरच कळव' ही सोय टॉवरवर अवलंबून असते, समुद्रात तिच्यावर विसंबू नका.

समुद्रात न जाता चाचणी कशी करायची?

घरी : फोन संगणकाला जोडा. संगणकावरून फोनला आज्ञा द्यायला एडीबी हे साधन असतं. 'एडीबी शेल डम्पसिस बॅटरी अनप्लग' देऊन चार्जिंग नाही असं भासवा, स्क्रीन बंद करा आणि 'एडीबी शेल डम्पसिस डिव्हाइसआयडल फोर्स-आयडल' देऊन डोझमध्ये ढकला. नोंद थांबते का बघा. नंतर 'अनफोर्स' आणि 'बॅटरी रिसेट' द्यायला विसरू नका. डीबग बिल्डची (चाचणीच्या आवृत्तीची) प्रोसेस थेट मारून बघा, परत उठल्यावर क्रमांक पुढून सुरू होतो का ते तपासा.

घराबाहेर : कोकण रेल्वे. रत्नागिरीहून चिपळूणकडे जाताना भोके आणि उक्षीच्या मध्ये करबुडे बोगदा लागतो, सुमारे साडेसहा किलोमीटरचा. जीपीएस आणि रेंज दोन्ही एकदम जातात आणि बाहेर पडल्यावर एकदम येतात. पॅसेंजरने जाऊन यायचं, फोन पिशवीत ठेवायचा, हात लावायचा नाही. घरी आल्यावर बोगद्याआधीची शेवटची नोंद, बाहेरची पहिली नोंद आणि वर चढलेले क्रमांक बघायचे. बंदीच्या दोन महिन्यांत माझी बहुतेक चाचणी अशीच होते. जयगड-तवसाळ फेरीबोटही बरी, पण ती लवकर पोचते.

सर्व्हिस का मेली ते नंतर कळतं का? आणि किनाऱ्यावरच्या माणसाला काय दाखवायचं?

अँड्रॉइड ११ पासून आपली प्रोसेस मागच्या वेळी का संपली याची यादी सिस्टीम देते : मेमरी कमी पडली, वापरणाऱ्याने थांबवलं, ॲप कोसळलं, वगैरे. सर्व्हिस उठली की ही यादी वाचून नोंदींबरोबर पाठवा. मला 'ॲप चालत नाही' या तक्रारींचा उलगडा यातूनच झाला.

पण हे कळतं नंतर. होडी गप्प असताना घरच्यांना काय सांगायचं? त्यासाठी प्रत्येक नोंदीत बॅटरी, रेंज आणि किनाऱ्यापासूनचं अंतर जातं. शेवटच्या नोंदीत होडी दहा सागरी मैलांवर आणि रेंज तुटत आलेली असेल, तर पडद्यावर येतं : 'रेंजबाहेर गेली, हे अपेक्षित आहे.' बॅटरी चार टक्के असेल तर : 'फोन बंद पडला असावा.' रेंज चांगली, बॅटरी चांगली आणि तरी वीस मिनिटं काही नाही, तर : 'ॲप थांबलं असण्याची शक्यता, फोन लावून बघा.' हा अंदाज आहे आणि पडद्यावरही तो अंदाज म्हणूनच लिहिलेला असतो. ठिपक्याचा रंग नोंद जुनी होत जाईल तसा फिका होतो. तीन तासांपूर्वीचा ठिपका आत्ताचा म्हणून कुणी वाचू नये.

मग हे ॲप संकटात उपयोगी पडेल का?

त्यावर विसंबू नका. हे मी प्रत्येक तांडेलाला तोंडाने सांगतो. फोनचं ॲप मरू शकतं हे वरच्या सगळ्या उत्तरांत आलंच आहे, आणि रेंजच्या पलीकडे ते कुणालाही हाक मारू शकत नाही. संकटासाठी व्हीएचएफवर (होडीवरच्या रेडिओवर) चॅनेल १६ आहे, इस्रोने विकसित केलेलं, उपग्रहावरून संकटसंदेश पाठवणारं डॅट यंत्र आहे, तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. समुद्राच्या स्थितीचे इशारे हैदराबादची इन्कॉइस संस्था देते. रेंजबाहेर ते पोचवण्यासाठी २०१९ मध्ये आलेलं जेमिनी यंत्र भारताच्या गगन उपग्रहांकडून संदेश घेतं आणि ब्लूटूथने फोनला देतं.

आमच्या ॲपमध्ये 'होडी सुटली' दाबल्यावर आधी एकच प्रश्न येतो : 'व्हीएचएफ आणि डॅट होडीवर आहे ना?' 'नाही' दाबलं तरी नोंद सुरू होते. फक्त तो 'नाही' किनाऱ्यावरच्या पडद्यावर होडीच्या नावापुढे फेरी संपेपर्यंत दिसत राहतो.